रस्ता चालतो अंदाजावर

रेल्वेचं फाटक पडलं की पुढच्या पाच मिनिटांत काय होतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात बघायला मिळतं. आधी डाव्या बाजूला एक रांग लागते. मग एखादी मोटारसायकल उजवीकडून पुढे जाऊन थेट फाटकाला टेकते. तिच्यामागून रिक्षा, रिक्षामागून टेम्पो, टेम्पोमागून चारचाकी. आगगाडी निघून जाईपर्यंत रस्त्याची पूर्ण रुंदी भरलेली असते. रुळांच्या पलीकडेही हेच झालेलं असतं. फाटक उघडतं आणि कोणीच हलू शकत नाही, कारण समोरच्याला यायला जी अर्धी बाजू मोकळी हवी होती, तिथे आता आपण उभे असतो. फाटक बंद होतं तेवढ्याहून जास्त वेळ ते उघडल्यावर जातो. पुढे घुसलेले सगळ्यात पुढे असतात हे खरं, पण ते गुंत्याच्या सगळ्यात आत असतात.

गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा, दुसऱ्यांच्या कोणत्या सवयींचा वैताग येतो? यादी ठरलेली आहे. कट मारणं, रॉंग साइडने येणं, उगाच हॉर्न, अप्पर लाइट, इंडिकेटर न देता वळणं. वरवर पाहता हे वेगवेगळे गुन्हे दिसतात, पण मला त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. रस्ता अंदाजावर चालतो. समोरचा पुढच्या दोन क्षणांत काय करणार, हे मला साधारण कळतं म्हणून मी ताशी साठच्या वेगाने त्याच्या हातभर अंतरावरून जाऊ शकतो. यादीतली प्रत्येक सवय समोरच्याकडून हा अंदाज काढून घेते. आपला संताप होतो तो वेळ गेला म्हणून कमी आणि या हतबलतेमुळे जास्त, असं माझं ठाम मत आहे.

आधी कट मारण्याचं बघू. शेजारची लेन नेहमी जास्त वेगाने सरकते असं प्रत्येकाला वाटतं. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये याचा उलगडा केला. दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी हा भास होतो. आपली लेन सुटते तेव्हा आपण थोड्या वेळात भराभर पुष्कळ गाड्या मागे टाकतो. शेजारची सुटते तेव्हा आपण जागच्या जागी रेंगाळत एकेक गाडी पुढे जाताना बघत राहतो. म्हणजे मागे टाकण्यात कमी वेळ जातो आणि मागे पडण्यात जास्त. शिवाय आपण मागे टाकलेली गाडी नजरेआड होते, आपल्याला मागे टाकून गेलेली मात्र बराच वेळ डोळ्यांसमोर राहते. या भासापोटी माणूस लेन बदलतो, मग पुन्हा बदलतो.

त्याची किंमत मागचे देतात. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या. सगळ्यांनी ताशी तीसच्या आसपास एकसारखा वेग धरायचा, एवढंच सांगितलं होतं. सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. तरी थोड्याच वेळात वाहतूक तुंबली, आणि तुंबलेला घोळका गाड्यांच्या उलट दिशेने, मागे मागे सरकत राहिला. २००८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. कारण साधं आहे. एकाने किंचित ब्रेक लावला की मागच्याला ते कळायला एक क्षण लागतो, म्हणून तो थोडा जास्त ब्रेक लावतो, त्याच्या मागचा आणखी जास्त. दहाव्या-बाराव्या गाडीला थांबावंच लागतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आपण कधी कधी विनाकारण थांबतो, विनाकारणच पुन्हा सुटतो, आणि ‘पुढे काहीच नव्हतं की!’ असं म्हणतो. तिथे काही मिनिटांपूर्वी कोणीतरी कट मारलेला असू शकतो. तो केव्हाच निघून गेलेला असतो, त्याच्या ब्रेकची लाट मात्र रस्त्यावर उरलेली असते.

यावर उपाय अंतर ठेवण्याचा. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर ठेवा असं सांगितलं की आपल्याकडे एकच उत्तर मिळतं: जागा सोडली की दुसरा घुसतो. खरं आहे, घुसतो. पण हिशेब मांडून बघा. एक गाडी पुढे आली आणि आपण पुन्हा तेवढंच अंतर धरलं, तर आपलं नुकसान साधारण दोन सेकंदांचं. पुण्याहून मुंबईला जाताना वीस जण घुसले तरी चाळीस सेकंद. आणि ही चाळीस सेकंदं वाचवण्यासाठी आपण ताशी शंभरच्या वेगात पुढच्याच्या डिकीला चिकटून जातो. त्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते.

घाटात या सगळ्याचं टोक दिसतं. जोडून सुट्टी आली की बोरघाटात एखादा अवजड ट्रक बंद पडतो, तीन लेनच्या चार होतात, मग कडेच्या शोल्डरवरून पाचवी रांग सुरू होते. ट्रक हलवायला येणारी क्रेन याच शोल्डरवरून यायची असते, रुग्णवाहिकाही. कोंडी फोडायची एकमेव वाट कोंडीत अडकलेल्यांनीच बंद केलेली असते. रुग्णवाहिकेला वाट न देण्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड आहे, पण शोल्डरवर उभा असलेला माणूस आपण रुग्णवाहिका अडवतोय असं समजतच नाही, कारण ती अजून त्याच्या मागे दोन किलोमीटरवर असते.

वरंधा किंवा आंबोलीसारख्या घाटांत एक जुना नियम होता आणि आहे. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. चढावर भरलेली गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलणं अवघड, ती मागे येण्याचा धोका. एसटीचे आणि मालवाहू गाड्यांचे जुने चालक हा नियम न बोलता पाळताना मी पाहिलेत. शहरातून आलेली नवी गाडी मात्र उतारावरून भर वेगात येते आणि वळणावर चढणारी बस अडवून उभी राहते.

रॉंग साइडच्या बाबतीत मला सगळा दोष चालवणाऱ्यावर टाकता येत नाही. आपण रस्ते रुंद करतो, मध्ये दुभाजक घालतो, आणि वळायची जागा एक-दीड किलोमीटरवर ठेवतो. समोर दिसणाऱ्या दुकानात जायला तीन किलोमीटरचा वळसा पडतो, तेव्हा दुचाकीवाला उलटा येणार हे रस्ता आखतानाच कळायला हवं होतं. तरीही या सवयीचा बळी कोण हे विसरता येत नाही. रस्ता ओलांडणारी म्हातारी उजवीकडे बघते, कारण गाड्या उजवीकडून येतात हेच तिला आयुष्यभर माहीत आहे. उलटा येणारा डावीकडून येतो, ज्या बाजूला तिचं लक्षच नसतं. वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी चालवणं २०१९ पासून कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यातच मोडतं. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, असं कलम सांगतं. चौकातल्या कारवाईत या शिक्षेचं गांभीर्य फारसं कोणाला जाणवत नाही.

हॉर्नचा इतिहास थोडा वेगळा आहे. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायची पद्धत होती, कारण मोठ्या गाडीच्या चालकाला मागचं नीट दिसत नसे. ओव्हरटेक करायचंय हे त्याला आवाजानेच कळायचं. तेव्हा हॉर्नला एक नेमका अर्थ होता. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर ही अक्षरं लिहायला बंदी केली, तोवर हॉर्न सिग्नलला उभ्या उभ्या वाजायला लागला होता. जो आवाज सतत येतो त्यातून काहीच कळत नाही. खरोखर धोका असतो तेव्हाही तो बाकीच्या गोंगाटात बुडून जातो. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला जाहीर केलेल्या एका प्रयोगात काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रं जोडली होती. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. हा प्रयोग मला मनापासून आवडला, कारण हॉर्न वाजवून सिग्नल लवकर सुटत नाही ही गोष्ट त्याने आकड्यांत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मांडली.

आपण हॉर्न कोणावर वाजवतो हेही बघण्यासारखं आहे. अँथनी डूब आणि अ‍ॅलन ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत केलेला आणि १९६८ मध्ये छापून आलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. दिवा हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम उभी ठेवायची आणि मागचा कधी हॉर्न वाजवतो ते बघायचं. पुढे जुनी, मळकी गाडी असेल तर बहुतेकांनी बारा सेकंदांच्या आत हॉर्न वाजवला. चकचकीत महागडी गाडी असेल तर साधारण निम्मे गप्प राहिले. आपल्या चौकात भाजीच्या टेम्पोवर आणि सायकलवाल्यावर जो हॉर्न पडतो, तो काळ्या काचांच्या मोठ्या गाडीवर पडत नाही. म्हणजे राग येतो तेव्हाही तो कोणावर काढायचा याचं भान आपल्याला असतं. आवरता येत नाही म्हणून हॉर्न वाजतो, हे काही खरं नाही.

पावसात किंवा बोगद्यात चारही इंडिकेटर लावून चालणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. मी दिसावा, एवढंच त्यांना हवं असतं. पण चारही दिवे लुकलुकत असले की डावा कोणता, उजवा कोणता हे कळायचा मार्गच बंद होतो. मागच्याला गाडी दिसते, पण ती कुठे वळणार ते कळत नाही. कित्येकदा ती उभी आहे की चालू आहे हेही कळत नाही. हे दिवे बंद पडलेल्या, उभ्या गाडीसाठी आहेत. पावसात साधे हेडलाइट पुरतात.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते अप्पर लाइटचं. समोरून गाडी आली की अप्पर बंद करून लावायचा तो डिपर, आणि त्याचा प्रकाश फार विचारपूर्वक आखलेला असतो. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून तो उजवीकडे खाली दाबलेला असतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. डावीकडे तो किंचित वर उचललेला असतो, कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून. नेहमीच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्परसाठी ६० वॅटची आणि डिपरसाठी ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. वर उडणारा प्रकाश तीच अडवते. हा सगळा हिशेब तार नेमकी कुठे आहे यावर बेतलेला असतो. अशा गाडीत बाजारातला ‘शंभर-नव्वद’चा बल्ब घातला की डिपरसुद्धा दीडपटीहून जास्त प्रखर होतो. पांढरा एलईडी घातला तर प्रकाशाची जागाच बदलते आणि आरसा तो वाटेल तिकडे फेकतो. मग त्या गाडीला डिपर असा उरतच नाही. समोरचा बिचारा दिवे मिचकावून विनवत राहतो, आणि ही गाडी डिपरवरच असते.

ताशी साठच्या वेगात गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. झगमगाटातून डोळे सावरायला काही सेकंद लागतात, उतारवयात आणि मोतीबिंदूच्या सुरुवातीला तर आणखी जास्त. ऊस तोडणीच्या हंगामात सांगली, कोल्हापूर, बारामतीकडच्या रस्त्यांवर त्या पन्नास मीटरमध्ये काय असू शकतं, ते तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही: मागे दिवा नसलेली, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेली, उसाने भरलेली ट्रॉली. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. यातली किती समोरच्या दिव्याने डोळे दिपल्यामुळे गेली हे पंचनाम्यातून कधीच पुढे येत नाही, कारण ज्याचा दिवा होता तो न थांबता निघून गेलेला असतो. आपल्यामुळे मागे काही घडलं, हे त्याला कळतही नाही.

पुष्कळांना माहीत नसलेली एक गोष्ट. गणपतीला कोकणात निघालेल्या गाडीत पाच माणसं आणि डिकीभर सामान असतं. मागचा भाग बसतो, पुढचा उचलला जातो, आणि नीट लावलेला डिपरही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यासाठीच बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचं एक छोटं चाक दिलेलं असतं. सामान भरलं की ते फिरवायचं, दिवे खाली येतात. एवढंच काम आहे.

सवय सुटायची तेव्हा सुटेल. दिव्यांचं काम मात्र सरकारने हातात घेण्यासारखं आहे, आणि त्याला फारसा खर्चही नाही. मालवाहू आणि प्रवासी वाहनांना ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तेव्हा दिवे तपासले जाणं अपेक्षित असतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तोवर तिच्या हेडलाइटकडे आरटीओत कोणी बघत नाही. पीयूसी मात्र प्रत्येकाला ठरावीक मुदतीने काढावीच लागते, आणि तिथे तपासतात फक्त धूर. पीयूसी केंद्रासमोर सपाट जमीन आणि एक भिंत असली की दिव्याची उंची बघता येते. भिंतीवर एक आडवी रेघ मारायची, ठरलेल्या अंतरावर गाडी उभी करायची, डिपर लावायचा. प्रकाश रेघेच्या वर गेला तर प्रमाणपत्र अडवायचं, आणि बल्ब बदलून किंवा दिवा खाली करून आणल्यावर द्यायचं.