मासिक पाळी : वेदना, रक्तक्षय व उपचार

दांत दुखूं लागला तर मुलगी तें आईस तत्काळ सांगते. परंतु पाळीच्या दिवसांत पोटांत कळा येऊं लागल्या तर ती मुकाट्यानें सोसते, आणि शाळेंत दुसरेंच कांहीं कारण कळवून घरीं राहते. या मौनानें अभ्यासाचें व प्रकृतीचें नुकसान होतें, म्हणून आम्हीं हा विषय येथें घेतला आहे.

इ. स. १८८३ मध्यें अमेरिकेस जाण्यापूर्वीं आनंदीबाई जोशी यांनीं बंगालमधील श्रीरामपूर येथें व्याख्यान देऊन, या देशांत स्त्रीडॉक्टरांची फार गरज आहे, असें सांगितलें. १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या. आज स्त्रीडॉक्टर पुष्कळ आहेत. संकोच मात्र पुरता गेलेला नाहीं.

पाळी हा रोग नव्हे व विटाळहि नव्हे. गर्भाशयाच्या आंतील अस्तर दर महिन्यास वाढतें व गर्भ न राहिल्यास रक्तासह गळून जातें, एवढाच तिचा अर्थ. पहिलीं दोन-तीन वर्षें ती अनियमित असूं शकते. २१ ते ४५ दिवसांनीं आली व सात दिवसांच्या आंत थांबली, तर बहुधा काळजीचें कारण नसतें. अंगावरून थोडें पांढरें जाणेंहि स्वाभाविकच. मात्र त्यास दुर्गंधि येत असेल किंवा खाज सुटत असेल तर डॉक्टरांस दाखवावें.

आतां कळांविषयीं. अस्तरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात व त्यांच्या योगानें गर्भाशयाचे स्नायु आवळले जातात. गरम पाण्याच्या पिशवीनें ओटीपोट शेकावें, हलका व्यायाम करावा. तेवढ्यानें न भागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन जेवणानंतर घेतां येतें. हीं औषधें तीं द्रव्येंच कमी करितात. पाळीचे एक-दोन दिवस तीं घेतल्यानें पुढें मूल होणार नाहीं, ही भीति निराधार आहे.

दुसरा शत्रु रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींत सुमारें ५९ मुलींस तो आढळला. धाप लागणें, चक्कर येणें, अभ्यासांत लक्ष न लागणें हीं त्याचीं लक्षणें. त्यांस आळस समजूं नये. या वयाच्या मुलींत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमहून कमी असल्यास उपचार हवेत. शाळेंत आठवड्यास मिळणारी लोहाची गोळी टाकून देऊं नये. हळीव, चवळी, हरभरे, पालेभाज्या, आणि चालत असल्यास मासे व मटण आहारांत असावें. जेवणांत लिंबू किंवा आवळा घ्यावा, म्हणजे लोह चांगलें अंगीं लागतें. जेवणाबरोबर चहा घेतल्यास तें वायां जातें.

पाळी सात दिवसांहून अधिक टिकली, दर तासा-दोन तासांनीं पॅड बदलावें लागलें, तीन महिने पाळी आलीच नाहीं, पंधरा वर्षें पुरीं होऊनहि ती सुरू झाली नाहीं, किंवा औषधानेंहि कळा शमल्या नाहींत, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलीनें सांगण्याची वाट न पाहतां आपणच विचारावें. वडिलांनींहि हें आपलें काम नव्हे असें मानूं नये. आणि मुलींनो, तुम्ही पाळीच्या तारखा वहींत टिपून ठेवा. डॉक्टरांस त्याचा फार उपयोग होतो.