कुत्र्याचा चेहरा एका बाजूने खंगतो तेव्हा

वस्तीवर राखणीस असलेला एखादा वयस्क कुत्रा नेहमीप्रमाणे खातो-पितो. मात्र त्याच्या डोक्याची एक बाजू हळूहळू खोल जाऊ लागते. कुणी काठी मारली असेल किंवा दाढ दुखत असेल, अशा समजुतीने त्याकडे दुर्लक्ष होते. मात्र या खोलगटपणामागे कवटीच्या तळाशी वाढणारे अर्बुद असू शकते.

मेंदूपासून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या कुत्र्याला असतात. दृष्टी, गंध, श्रवण, शरीराचा तोल, चर्वण इत्यादी कार्ये त्यांच्यामार्फत चालतात. यांपैकी पाचव्या, म्हणजेच त्रिशाखी मज्जातंतूच्या आवरणात अर्बुद होण्याचे प्रमाण अधिक आढळते. हा मज्जातंतू जबड्याच्या स्नायूंना चालना देतो आणि चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेतो. साहजिकच, गाठ ज्या बाजूस असेल त्या बाजूचे स्नायू झिजतात व कवटीचे हाड हाताला लागते. डोळ्याची संवेदना कमी होऊन बुबुळास जखमही होऊ शकते. दुसरी बाजू शाबूत असल्याने जबडा मात्र लोंबत नाही. गाठ सावकाश वाढते आणि पुढे मेंदूवर दाब आला की चाल अडखळू लागते.

गाठीचा शोध एम.आर.आय. तपासणीने लागतो. ही जागा शस्त्रक्रियेस अवघड असते. किरणोपचारांनी वाढ काही काळ रोखता येते. उपचार न झालेला कुत्राही अनेक महिने जगू शकतो. त्याच्या डोळ्याची निगा राखणे अगत्याचे असते.

याउलट, खालचा जबडा अचानक लोंबणे, लाळ गळणे व गिळता न येणे ही लक्षणे दिसल्यास प्रथम रेबीजचा संशय घ्यावा. मज्जातंतूच्या साध्या दाहानेही असे घडते व तो काही आठवड्यांत बरा होतो. परंतु हा भेद घरच्या घरी करता येत नाही. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालणे जिवावर बेतू शकते. चावा किंवा जखमेला लाळेचा स्पर्श झाल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रुग्णालयात जाऊन लस घ्यावी.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी हा फरक ग्रामस्थांना समजावून दिल्यास दुहेरी हित साधेल. चेहरा संथपणे खंगणारा कुत्रा पिसाळलेला समजून मारला जाणार नाही. तो पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचेल. आणि ज्याच्यापासून दूर राहावयास हवे, त्याच्याजवळ कोणी मायेपोटी जाणार नाही.