नेपाळ : पायी, हवेत, पाण्यात

जगातल्या ८,००० मीटरपेक्षा उंच १४ शिखरांपैकी ८ नेपाळमध्ये किंवा त्याच्या सीमेवर आहेत. पण शिखर सर न करताही इथे धाडसाची हौस भागते.

पायी : एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर, अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर. वाटेतल्या टीहाऊसमध्ये खोली आणि गरम डाळभात मिळतो, त्यामुळे पाठीवर तंबू वाहावा लागत नाही.

हवेत : पोखराजवळचं सारंगकोट साधारण आपल्या कळसूबाईएवढं उंच. तिथून झेपावलेले पॅराग्लायडर फेवा तलावाकाठी उतरतात.

पाण्यात : राफ्टिंगसाठी त्रिशूली नदी नवशिक्यांनाही झेपते. भोटेकोशी मात्र अरुंद, उताराची आणि दगडधोंड्यांची.

कधी : ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे.

सांभाळा : ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. म्हणूनच एव्हरेस्टच्या वाटेवर ३,४४० मीटरवरच्या नामचे बाजारात ट्रेकर एक दिवस जादा थांबतात. डोकं दुखलं, मळमळलं, तर चढाई थांबवायची; त्रास वाढला, तर लगेच खाली उतरायचं.

कागदपत्रं : भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं.