साठी बुद्धी नाठी?

मराठीत एक म्हण आहे : 'साठी बुद्धी नाठी'. नाठी म्हणजे नाहीशी झाली. माणूस साठ वर्षांचा झाला की त्याची बुद्धी चालेनाशी होते, असा या म्हणीचा अर्थ. आपण घरी उर्दूत 'सठिया जाना' म्हणतो, तेही याच अर्थाने. दोन्ही भाषांत समजूत एकच आहे. पण ती खरी आहे का?

मी लहान असताना आम्ही मलकापूरला राहत होतो. माझी नानी आमच्याजवळच असे. गल्लीतील कितीतरी मुलींना तिने शिवणकाम शिकवले होते. सत्तरी ओलांडल्यावर तिला विसर पडू लागला. आधी वस्तू सापडेनात, मग माणसांची नावे आठवेनात. पुढे तर जेवण झाल्यावर तासाभरात ती पुन्हा ताट मागू लागली. एकदा ती एकटीच रेल्वे स्टेशनवर जाऊन बसली. "माझे अब्बा गाडीने येणार आहेत," असे ती सर्वांना सांगत होती. तिच्या वडिलांना जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. मामूंनी तिला घरी आणले. शेजारी म्हणाले, "म्हातारपणी असे व्हायचेच." आम्ही मुले तर हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. तिला डॉक्टरांकडे न्यावे, असे घरात कोणालाच सुचले नाही.

नानीला झाले ते म्हातारपण होते की आजार? अशा प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक शास्त्र आहे. मेंदूत आणि मज्जातंतूंत कोणता बिघाड झाला, हे तपासणाऱ्या तज्ज्ञाला न्यूरोपॅथॉलॉजिस्ट म्हणतात. मृत्यूनंतर मेंदूचे अतिशय पातळ काप करून, त्यांना रंग देऊन तो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो.

जर्मनीतील डॉ. अलोइस अल्झायमर हे असेच तज्ज्ञ होते. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात त्यांच्याकडे ऑगस्टे नावाची एक बाई आली. वय अवघे ५१. तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येत नव्हते. १९०६ मध्ये ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू तपासला, तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसल्या : पेशींच्या बाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. पेशी मरून मेंदू आकसला होता. त्याच वर्षी त्यांनी ही माहिती डॉक्टरांच्या सभेत मांडली. पुढे १९१० मध्ये या आजाराला 'अल्झायमरचा आजार' हे नाव मिळाले. परंतु रुग्ण कमी वयाची होती; म्हणून हा तरुण व मध्यम वयातील दुर्मीळ आजार आहे, असे बराच काळ मानले गेले. वृद्धांचे विसरणे मात्र 'वयाचा परिणाम' म्हणून सोडून दिले जाई.

मग निरोगी वृद्धाचा मेंदू कसा असतो? हे शोधणाऱ्यांमध्ये आपल्या मुंबईचे डॉ. दराब दस्तूर होते. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने ६५ वर्षांवरील ४७ निरोगी पुरुषांचा बारकाईने अभ्यास केला. दस्तूर त्या संशोधकांपैकी एक होते. मेंदूत जाणारे रक्त आणि मेंदूतून परत येणारे रक्त तपासून, मेंदूला किती रक्त मिळते व तो किती प्राणवायू वापरतो, हे त्यांनी मोजले. आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्केच असतो, पण प्राणवायू मात्र सुमारे वीस टक्के वापरतो. म्हणून हे माप महत्त्वाचे.

१९६३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे वृद्ध पूर्ण निरोगी होते, त्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाह आणि प्राणवायूचा वापर जवळजवळ तरुणांइतकाच होता. साखरेचा वापर तेवढा थोडा कमी होता. ज्यांच्या रक्तवाहिन्या कठीण होऊ लागल्या होत्या, त्यांचा रक्तप्रवाह मात्र घटलेला होता. म्हणजे दोष वयाचा नव्हता, आजाराचा होता!

भारतात दस्तूरांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये आणि जे. जे. रुग्णालयात अनेक वर्षे संशोधन केले. कुष्ठरोगात मज्जातंतू कसे निकामी होतात, क्षयाचा मुलांच्या मेंदूवर काय परिणाम होतो, कुपोषणाने मज्जातंतूंचे काय होते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हे सारे गरिबांच्या घरातले आजार होते. १९८५ मध्ये त्यांनी पुन्हा निरोगी वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश यांतील फरकावर लेख लिहिला.

आपल्या देशातील एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ६० वर्षांवरील शंभरांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ९३ जणांना तो नाही. म्हण खरी असती, तर हे आकडे उलटे झाले असते.

वय झाल्यावर एखादे नाव उशिरा आठवणे साधे आहे. पण ओळखीचा रस्ता चुकणे, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे, रोजचे काम न जमणे, ही आजाराची चिन्हे असू शकतात. अशा माणसाला डॉक्टरांना दाखवावे. कधी कधी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा मनाची उदासी हेही कारण असते आणि उपचाराने फरक पडतो. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही. काही नवी औषधे सुरुवातीच्या अवस्थेत त्याचा वेग थोडा कमी करतात. मात्र रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवणे, तंबाखू टाळणे, चालणे-फिरणे आणि माणसांत मिसळणे यांनी धोका कमी होतो.

नानीला कोणता आजार होता, ते आम्हाला कधीच कळले नाही. शेवटी ती माझे नावही विसरली. पण मी जवळ बसलो की माझा हात धरून ठेवी. मुलांनो, तुमच्या घरी कोणी दादी किंवा नाना तोच प्रश्न दहाव्यांदा विचारतील, तेव्हा हसू नका. दहाव्यांदाही शांतपणे उत्तर द्या आणि घरातील मोठ्यांना सांगा, "यांना डॉक्टरांना दाखवू या."