अल्पजीवी संसाराचा हिशेब

वीस-पंचवीस वर्षांचा संसार मोडला की समाज हळहळतो. दोन-तीन वर्षांचा मोडला, तर ‘वेळीच सुटलात’ म्हणून समजूत घातली जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही सुटका वाटते तितकी स्वस्त नसते.

एक उदाहरण घेऊ. पती-पत्नी दोघेही नोकरदार. सदनिका पतीच्या नावावर आणि कर्जाचा दरमहा ४० हजारांचा हप्ता तोच भरतो. तेवढ्याच रकमेत पत्नी वाणसामान, वीजबिल, औषधपाणी सांभाळते. तीन वर्षांनी विवाह संपुष्टात येतो. दोघांनीही प्रत्येकी १४ लाख ४० हजार रुपये खर्च केलेले असतात. परंतु त्याच्या पदरी घर पडते आणि तिच्या हाती वाण्याच्या पावत्या राहतात. एकाची बचत दुसऱ्याने उचललेल्या घरखर्चामुळेच शक्य झाली, हे साधे सत्य कोणत्याही दस्तऐवजात उमटत नाही.

कायद्यातही ते फारसे उमटलेले नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे २७ वे कलम वाटपाचा अधिकार देते, पण तो विवाहप्रसंगी वा त्या सुमारास मिळालेल्या, उभयतांच्या सामाईक मालमत्तेपुरता. स्त्रीधन पत्नीचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. २५ व्या कलमाखाली पोटगीही मागता येते. परंतु पोटगी आणि वाटा यांत मूलभूत अंतर आहे. पोटगी ठरविताना गरज आणि ऐपत पाहिली जाते. वाटा हा योगदानाचा हक्क असतो. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला हिस्सा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले होते. पुढे ते बारगळले.

शेजारच्या गोव्यात दुसरे टोक दिसते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर दोघांची सर्व मालमत्ता, अगदी विवाहापूर्वीचीसुद्धा, सामाईक ठरते. दीर्घ संसारात हे तत्त्व उदात्त आहे. परंतु वर्षा-दोन वर्षांच्या सहवासासाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागायतीचे दोन भाग व्हावेत, हे सर्वांनाच न्याय्य वाटेल असे नाही.

या दोहोंमधील वाट जर्मनीने १९५८ पासून चोखाळली आहे. तेथे ज्याचे आधीचे, ते त्याचेच राहते. विवाहकाळात दोघांच्या संपत्तीत जी भर पडली, तिच्यातील तफावत मात्र निम्मी-निम्मी वाटली जाते. संसार अल्प, तर भर सहसा अल्प आणि वाटाही अल्प. काळाचे माप या पद्धतीत आपोआपच लागते.

असा हिशेब विवाहाला व्यापाराचे रूप देईल, अशी भीती काहीजण व्यक्त करतील. परंतु हिशेब आजही होतोच. फक्त तो ज्याच्या नावावर सातबारा वा सदनिका, त्याच्या बाजूने होतो. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर नवदांपत्यांनी निदान घराच्या कागदावर दोघांची नावे आणि हप्त्यात दोघांचा वाटा, एवढी खबरदारी घ्यावी. संसार टिकला तर त्यात कोणाचेच काही जाणार नाही.