पाच अक्षरे, वीस स्वर

वेल्हे तालुक्यातील एखाद्या शाळेत मुलाला इंग्रजी मुळाक्षरे लिहिता येऊ लागली, की तो प्रथम स्वतःचे नाव लिहितो आणि त्यापाठोपाठ गावाचे. ‘वेल्हे’ हे नाव रोमन अक्षरांत लिहिताना शेवटी तो ‘ई’ हे अक्षर घालतो आणि त्याचा उच्चार मात्र ‘ए’ असा करतो. यात कोणाला काही वावगे वाटत नाही व वाटण्याचे कारणही नाही. थोड्या वेळाने त्याच फळ्यावर ‘नेम’ हा शब्द येतो. त्याच्याही शेवटी तेच ‘ई’ अक्षर उभे असते. या वेळी मुलाने ‘नेमे’ असे वाचले, तर वर्गात हशा पिकतो. मघाशी बोलणारे अक्षर आता मुके का झाले, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. इंग्रजीत ‘असेच असते’, एवढेच त्याला कळते. आणि जी भाषा ‘अशीच असते’ ती पाठ करावयाची, समजून घ्यावयाची नाही, अशी त्याच्या मनाची समजूत होऊन बसते.

वस्तुतः त्या मुलापुढे एकाच लिपीत दोन राज्ये नांदत असतात व दोहोंचे कायदे निराळे असतात. त्याच्या गावाचे नाव ज्या कायद्याने लिहिले जाते, तो इंग्रजी भाषेचा कायदा नव्हे. कलकत्त्यास न्यायाधीश असलेल्या सर विल्यम जोन्स यांनी १७८८ साली पौर्वात्य शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत यावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. व्यंजने साधारणतः इंग्रजीप्रमाणे, परंतु स्वर इटालियन भाषेप्रमाणे घ्यावेत, असे त्यांच्या पद्धतीचे थोडक्यात स्वरूप होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हंटर यांनी हीच पद्धत सुधारून गॅझेटियरांसाठी वापरली आणि सरकारी कागदपत्रांत ती रूढ झाली. ‘ए’ या अक्षराने अ किंवा आ, ‘ई’ने ए, ‘आय’ने इ, ‘यू’ने उ हे आज प्रत्येक मराठी माणूस आपली सही करताना नकळत पाळतो ते नियम त्या परंपरेतले आहेत. दीर्घ स्वर दाखविणारी चिन्हे मात्र व्यवहारात गळून पडली. त्यामुळे ‘भाटघर’ लिहिताना एकच अक्षर एकदा आ होते आणि लगेच पुढे अ होते.

या नावांना खऱ्या इंग्रजी कायद्याने वाचले, तर काय होईल? ‘ट्यून’ आणि ‘ड्यून’ या शब्दांच्या चालीवर ‘पुणे’ हे ‘प्यून’ होईल. कचेरीतील मंडळींना हा उच्चार परका वाटणार नाही. ‘ठाणे’ हे ‘थेन’ होईल, आणि शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये त्याच अक्षरांनी लिहिलेली त्याच उच्चाराची सरदारांची पदवीही सापडेल. ‘राजगड’चा शेवट ‘गॅड’ होईल, ‘तोरणा’ची ‘टॉर्ना’ होईल, ‘वेल्हे’ एका अवयवाचे होऊन जाईल आणि ‘भोर’ हा तर चक्क ‘बोअर’ ठरेल. यात केवळ विनोद नाही. ज्या काळी इंग्रज कानाने ऐकून लिहीत, त्या काळचे लेखन याची साक्ष देते. खंडाळ्याच्या ज्या घाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली त्याचे नाव जुन्या इंग्रजी पुस्तकांत शेवटी मुके ‘ई’ जोडून लिहिलेले आढळते, म्हणजे इंग्रज वाचकाने ते बरोबर ‘बोअर’च्या चालीवर वाचावे. (भोर गावाशी या घाटाची गल्लत अजूनही होते, हे वेगळेच.) ‘पुणे’ नावात दोन ‘ओ’ घालणारे जुने लेखनही असेच कानाने केलेले होते, १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते सरकारी व्यवहारातून गेले आणि त्याच्या जागी जोन्स-हंटर वळणाचे लेखन आले. मराठी माणसाला ते स्वाभाविक वाटले; परदेशी पाहुणा मात्र अजूनही शेवटच्या अक्षरापाशी क्षणभर अडखळतो.

आता दुसरे राज्य. इंग्रजीत स्वराक्षरे पाच; प्रमाण ब्रिटिश उच्चारांत स्वरध्वनी मात्र साधारण वीस मानले जातात, त्यांत बारा शुद्ध आणि आठ संयुक्त. पाच भांड्यांत वीस जिन्नस भरावयाचे म्हटले म्हणजे जे होईल तेच झाले आहे. केवळ ‘ए’ हे एक अक्षर घेतले, तरी कॅट, कार, कॉल, केक, केअर, मेनी, व्हिलेज आणि अबाउट या आठ शब्दांत त्याचे आठ निरनिराळे उच्चार होतात. पण या गोंधळाला इतिहास आहे, आणि तो इतिहास मराठी मुलाला इंग्रज मुलापेक्षाही लवकर पटण्याजोगा आहे. चौदाव्या शतकात, चॉसर या कवीच्या काळी, ‘नेम’ हा शब्द इंग्लंडात ‘नाम’ असा, शेवटी अस्फुट ‘अ’ लावून उच्चारला जात असे. ‘टाइम’चा उच्चार ‘टीम’च्या जवळ होता, ‘हाउस’चा ‘हूस’, ‘मून’चा ‘मोन’ आणि ‘फीट’चा ‘फेट’. दोन ‘ई’ म्हणजे दीर्घ ए, दोन ‘ओ’ म्हणजे दीर्घ ओ, असा तेव्हा सरळ हिशेब होता. पुढे सुमारे तीन शतकांत इंग्रजीचे सर्व दीर्घ स्वर तोंडात एकेक पायरी वर सरकले. जे सर्वांत वर होते त्यांना जागा उरली नाही, म्हणून ते फुटून आइ आणि आउ झाले. परंतु या हालचालीच्या ऐन मध्यावर, १४७६ साली, कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि शब्दांची जुनी रूपे शिशात बसू लागली. डॉ. जॉन्सन यांचा कोश १७५५ साली निघाला, तोवर उच्चार निघून गेलेले होते आणि अक्षरे मागे राहिली होती. शेवटचे मुके ‘ई’ म्हणजे एके काळी बोलल्या जाणाऱ्या स्वराची खूण आहे. आज ते स्वतः बोलत नाही, पण आधीचा स्वर दीर्घ वाचावा अशी सूचना देते: हॅटचे हेट, पिनचे पाइन, कटचे क्यूट. ‘नेम’ला ‘नेमे’ म्हणणारा वेल्ह्याचा मुलगा म्हणजे सहाशे वर्षे उशिरा आलेला वाचक. त्याला अडाणी म्हणणे अन्याय्य आहे. शिवाय इंग्रजीचा तो जुना ‘नाम’ आणि त्याचे स्वतःचे ‘नाव’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत, हे त्याला सांगितले, तर त्या परक्या भाषेशी त्याचे थोडे नाते तरी जुळेल. या भाषाकुलाची ओळख १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात करून देणारे विद्वानही सर विल्यम जोन्सच होते.

मराठी भाषकाच्या म्हणून ज्या चुका सांगितल्या जातात, त्यांपैकी पुष्कळशा चुका नसून मराठी व्याकरणाचे पालन असते. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाने सहसा अर्थ बदलत नाही. स्वराची लांबी शब्दातील त्याच्या जागेवरून ठरते. तीळ, पण तिळाचा. मूल, पण मुलाला. व्यंजनाने संपणाऱ्या एकाक्षरी उच्चारात स्वर आपोआप लांबतो. म्हणून ‘फिट’चे ‘फीट’ आणि ‘बिल’चे ‘बील’ होते. इंग्रजीत मात्र हाच फरक जहाज आणि मेंढी यांना वेगळे करतो. दुसरे उदाहरण ए या स्वराचे. मराठीत तो एकच आहे, इंग्रजीत दोन: एक आखूड व शुद्ध, दुसरा इकडे झुकणारा संयुक्त. देवनागरीत लेखणी आणि वेदना या दोन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द ‘पेन’ असेच लिहावे लागतात. दरवाजा आणि मिळविणे या दोन्हींसाठी ‘गेट’. विद्यार्थ्याने ते सारखे उच्चारले, तर दोष त्याच्या जिभेचा नाही. त्याला दोन स्वर ऐकविलेच गेलेले नसतात. एका बाबतीत मात्र मराठी मूल भाग्यवान आहे. इंग्रजीत सर्वांत अधिक वापरला जाणारा स्वर म्हणजे ‘अबाउट’च्या आरंभीचा आणि ‘टीचर’च्या अंती येणारा अस्फुट अ. त्याला स्वतःचे अक्षर नाही. मराठीत अला अक्षर आहे, पण मात्रा नाही. तो ‘क’मध्ये न लिहिता असतो आणि ‘भोर’च्या शेवटी लिहिलेला असूनही बोलला जात नाही. ‘आम्ही लिहितो तसेच बोलतो’ ही प्रौढी म्हणूनच जरा जपून मिरवावी. चार आणि चारा यांतील च एक नाहीत, हे कोणत्या अक्षरावरून कळते?

परके स्वर मराठीने ऐकलेच नाहीत असेही नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात ‘ब्यांक’, ‘म्याजिस्ट्रेट’, ‘कालेज’, ‘डाक्टर’ अशी रूपे दिसतात. आज ती हास्यास्पद वाटतात. पण या दोन प्रांतांच्या मधला एक स्वर आपल्याकडे नाही, हे त्या लेखकांनी अचूक ओळखले होते आणि हाताशी असलेल्या साधनांनी तो गाठण्याचा तो प्रयत्न होता. ग्रामीण बोलीत ‘ब्याट’ आणि ‘ग्यास’ अजून आहेत ते त्यामुळेच. पुढे अक्षरावर अर्धचंद्र आला आणि ॲ व ऑ यांना घर मिळाले. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात या दोन्ही स्वरांना रीतसर स्थान दिले. मराठीची वर्णमाला वाढू शकते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते; त्यापूर्वी ते पाचवीपासून होते. हेतू चांगला होता. परंतु डोंगरातल्या दोन शिक्षकी शाळेत ते शिकविण्याचा भार ज्यांच्यावर पडला, त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतः इंग्रजी शिकले ते डोळ्यांनी, कानांनी नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्यरचना शिकविली आणि तिचे ऋण मोठे आहे; पण तिचा विषय भाषांतर होता. त्यात भर म्हणून बाजारात मिळणारे ‘इंग्रजी बाराखडी’चे तक्ते भिंतीवर लागतात. क, का, कि, की यांना रोमन अक्षरांत बसविणारे हे तक्ते नाव-गाव लिहिण्यास उत्तम आहेत. इंग्रजी शब्द वाचण्यास मात्र ते फसवे आहेत, कारण ते पहिल्या राज्याचा कायदा दुसऱ्या राज्यात लावतात. तक्ता काढून टाकण्याची गरज नाही. त्याच्या शेजारी दुसरा लावावा: एका अक्षराखाली त्याचे निरनिराळे ध्वनी आणि प्रत्येक ध्वनीखाली त्याच घराण्याचे शब्द. केक, गेट, लेक, नेम हे एकत्र; कॅट, बॅट, मॅट एकत्र. दिवसाला एक जोडी, तीही प्रथम ऐकण्याची, मग म्हणण्याची, आणि लिहिण्याची शेवटी. यास वेगळा निधी लागत नाही. शिक्षकाला स्वतःच्या उच्चाराविषयी शंका असेल, तर आज खिशातील फोनवरही कोश शब्द म्हणून दाखवितो.

हे सर्व केवळ शुद्ध उच्चारांच्या हौसेसाठी नाही. भोर-वेल्ह्याची मुले बारावीनंतर भोरला, पुण्याला किंवा शिरवळच्या कारखान्यांत जातात, आणि तेथे मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस एका स्वरावरून त्यांचे गाव ओळखतो. शॉ यांनी ‘पिग्मॅलियन’ हे नाटक लिहिले, ते १९१३ साली रंगमंचावर आले, पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’मध्ये १९७५ साली ते मराठीत आणले, तेव्हा फुलराणीला शिकावे लागले ते इंग्रजी नव्हे, प्रमाण मराठी. मावळातल्या मुलाच्या वाट्याला हे हसणे दोनदा येते. आधी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटल्याबद्दल, आणि त्यातून सावरतो न सावरतो तोच ‘हॉल’ला ‘हाल’ म्हटल्याबद्दल. दुसऱ्या हशानंतर पुष्कळ मुले वर्गात तोंड उघडतच नाहीत. ज्याने तोंड उघडले नाही, त्याचा उच्चार सुधारणार कसा? परीक्षेत लेखी उत्तरे बरोबर येतात, गुणही पडतात, आणि मौन तसेच राहते.

वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजुरी दिली. म्हणजे शेवटच्या ‘ई’चा प्रश्न तालुक्याच्या नावापुरता मिटला. नव्या नावात ‘ए’ हे अक्षर दोनदा येते, एकदा आ म्हणून आणि एकदा अ म्हणून. ज्या ‘ए’ या नावाने ते ओळखले जाते, तो उच्चार मात्र त्यात एकदाही नाही. पहिलीतला एखादा चौकस मुलगा याचे कारण विचारील. त्या क्षणी फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हाती उत्तर असावयास हवे.