रानडुकरासाठी काडतूस कोणतं? आधी परवानगी, मग अंतर पाहा!

बीड : पालीच्या शिवारात रानडुक्कर पिकात घुसलं, तरी शेतकऱ्याला थेट गोळी झाडता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या कलम ११नुसार वन विभागाची लेखी परवानगी लागते. शस्त्र परवाना वेगळा.

कोणतं काडतूस मिळतं?
.३०३ हे लष्करी बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे .३१५ बोअर प्रचलित आहे. त्याची गोळी सुमारे १६ ग्रॅमची. जड, पण वेगाने कमी.

लांबून का नको?
अर्ध्या सेकंदात गोळी नळीच्या रेषेपासून सुमारे सव्वा मीटर खाली येते. तेवढ्यात जनावरही हलतं. जखमी डुक्कर माणसावर उलटतं, हुकलेली गोळी वस्तीपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे मोठ्या काडतुसापेक्षा कमी अंतर आणि डुकरामागे मातीचा उंच बांध महत्त्वाचा.